विश्लेषण : मक्याच्या ठिपक्यांतून उलगडले ‘उड्या मारणाऱ्या जनुकां’चे रहस्य! बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा शोध जगाने अर्धाच का स्वीकारला?

मक्याच्या काही वाणांत एकाच कणसावर पांढरे, जांभळे आणि पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेले दाणे शेजारी-शेजारी दिसतात. या ठिपक्यांचे कारण शोधताना अमेरिकी शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्या लक्षात आले, की जनुकसंचातील काही तुकडे जागा बदलतात आणि शेजारच्या जनुकाला बंद किंवा चालू करतात. हा निष्कर्ष त्यांनी १९५० मध्ये मांडला. नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. दुर्लक्षित राहिलेल्या आणि अखेर जिंकलेल्या संशोधक म्हणून त्यांची कहाणी नेहमी सांगितली जाते. मात्र ती तेवढी सरळ नाही. जगाने नेमके काय नाकारले, काय स्वीकारले आणि आजही कशावर वाद आहे, हे समजून घेण्यासाठी त्यांचे आयुष्य आणि मका, दोन्ही पाहावे लागतात.

घरचा विरोध, वडिलांचा कौल

बार्बरा यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड येथे झाला. चार भावंडांत त्या तिसऱ्या. जन्मानंतर त्यांचे नाव एलिनॉर ठेवले होते. पण हे नाव फार नाजूक वाटते, असे आई-वडिलांना वाटू लागले आणि मुलीचे नाव बार्बरा झाले. वडील डॉक्टर होते. १९०८ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनला राहायला आले.

शाळा संपली तेव्हा बार्बरा यांना विज्ञान शिकायचे होते. आईचा त्याला विरोध होता. मुलगी जास्त शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, ही काळजी त्यामागे होती. वडील तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने लष्करी वैद्यकीय सेवेत होते. ते परतले आणि त्यांनी मुलीच्या बाजूने कौल दिला. १९१९ मध्ये बार्बरा यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्या जॅझ वाद्यवृंदात बँजोही वाजवत. १९२१ मध्ये त्यांनी जनुकशास्त्राचा पहिला वर्ग केला. त्यांची गती पाहून शिक्षकांनी त्यांना थेट पदव्युत्तर वर्गात बसण्याचे निमंत्रण दिले. तेथून पुढची वाट ठरली. १९२७ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

मकाच का?

त्या काळात जनुकशास्त्राचे दोन लाडके जीव होते: फळमाशी आणि मका. मक्याचा फायदा असा, की नर आणि मादी फुले एकाच झाडावर पण वेगवेगळ्या जागी असतात. वर तुऱ्यात पराग आणि खाली कणीस. त्यामुळे कणसाला पिशवी बांधून, हव्या त्या झाडाचा पराग हव्या त्या कणसावर टाकता येतो. शिवाय प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असते. एका कणसावर शेकडो अपत्ये, आणि त्यांचे रंग उघड्या डोळ्यांना दिसतात.

तोटा एकच. पीक यायला अख्खा हंगाम लागतो. चूक झाली की पुढच्या वर्षाची वाट पाहायची. मॅक्लिंटॉक यांनी हा संथपणा आयुष्यभर पत्करला. पेरणी, पाणी, परागसिंचन आणि कणसांची नोंद ही सगळी कामे त्या स्वतः करत.

गुणसूत्रांना ओळख कशी मिळाली?

मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात. पण कोणती जोडी कोणती, हे सांगता येत नव्हते. मॅक्लिंटॉक यांनी पेशी रंगवून काचपट्टीवर पसरवण्याची पद्धत सुधारली आणि लांबी, आकार, गाठी यांवरून दहाही गुणसूत्रे वेगळी ओळखून दाखवली. हे काम १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. शेतात दिसणारा गुण आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे गुणसूत्र यांची सांगड घालणे आता शक्य झाले.

दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, त्यांनी आणि त्यांची सहकारी हॅरिएट क्रेटन यांनी त्याचा पुरावा दिला. आई-वडिलांकडून आलेल्या गुणांची पुढच्या पिढीत अदलाबदल होते, हे माहीत होते. पण त्या वेळी गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर बदलतात का? या दोघींनी नवव्या क्रमांकाचे असे गुणसूत्र निवडले, की ज्याच्या एका टोकाला ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा जोडलेला होता. दाण्याचा रंग आणि मेणचटपणा हे गुण बदलले, तेव्हा गाठ आणि तुकडाही बदललेले दिसले. आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर असतात, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

नाव मोठे, मग कायम नोकरी का नाही?

एवढे काम होऊनही मॅक्लिंटॉक यांना कायमची जागा मिळाली नाही. महिला शास्त्रज्ञाला विद्यापीठात कायम पद देण्याची त्या काळी फारशी पद्धत नव्हती, आणि आर्थिक मंदीने संधी आणखी कमी झाल्या होत्या. काही वर्षे त्या कॉर्नेल, मिसुरी आणि कॅलिफोर्निया येथे शिष्यवृत्त्यांवर काम करत राहिल्या. १९३३ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर त्या जर्मनीला गेल्या. पण तेथे नाझी सत्तेवर आले होते, ज्यू शास्त्रज्ञ देश सोडत होते. त्या वातावरणात मन न रमल्याने त्या मुदतीआधीच परतल्या.

१९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात त्यांना साहाय्यक प्राध्यापकपद मिळाले. क्ष-किरणांनी तुटलेल्या गुणसूत्रांचा अभ्यास येथे पुढे गेला. तुटलेली टोके एकमेकांना चिकटतात, पेशी विभागताना दोन बाजूंना ओढली जातात आणि पुन्हा तुटतात, असे हे न थांबणारे चक्र त्यांनी उलगडले. गुणसूत्राच्या नैसर्गिक टोकात काही विशेष असते म्हणूनच ते चिकटत नाही, हा विचार यातूनच बळावला. त्या टोकांना आज टेलोमिअर म्हणतात.

मिसुरीत आपल्याला भवितव्य नाही, असे वाटल्याने १९४१ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्या. कार्नेगी संस्थेच्या तेथील प्रयोगशाळेत शिकवण्याचे बंधन नव्हते आणि मका लावायला शेत होते. पुढची ५० वर्षे त्यांनी तेथेच काढली. १९४४ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या केवळ तिसऱ्या महिला. १९४५ मध्ये त्या अमेरिकेच्या जनुकशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. म्हणजेच पुढे जो शोध त्यांनी मांडला, तो कुणा अनोळखी संशोधकाचा नव्हता. आपल्या क्षेत्रातील अग्रणी व्यक्तीने तो मांडला होता.

तुटणाऱ्या गुणसूत्राने काय दाखवले?

१९४४-४५ च्या सुमारास त्यांनी आई आणि वडील दोन्हीकडून तुटके नववे गुणसूत्र मिळालेली रोपे वाढवली. या रोपांच्या पानांवर विचित्र पट्टे होते. काही ठिकाणी शेजारी-शेजारी दोन पट्टे होते, एकात बदलाचे प्रमाण वाढलेले, तर दुसऱ्यात तेवढेच घटलेले. एका पेशीच्या दोन लेकींपैकी एकीने काहीतरी गमावले आणि दुसरीने तेच कमावले, असा याचा अर्थ होता. ते ‘काहीतरी’ काय, याचा शोध पुढची सहा वर्षे चालला.

नवव्या गुणसूत्रावर एक ठिकाण असे सापडले, की गुणसूत्र वारंवार तेथेच तुटत होते. या ठिकाणाला त्यांनी डिसोसिएशन, म्हणजे विलग करणारा, असे नाव दिले. पण ते एकटे काही करत नव्हते. दुसरा एक घटक पेशीत असेल तरच तूट होत असे. त्याला त्यांनी अॅक्टिव्हेटर, म्हणजे चालना देणारा, म्हटले. मग धक्का बसला. काही रोपांत तुटण्याची जागाच बदलली होती. डिसोसिएशन एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे गेला होता. १९४८ मध्ये त्यांची याबाबत खात्री पटली.

दाण्यावर ठिपका पडतो कसा?

एक जांभळा रंग तयार करणारे जनुक घ्या. डिसोसिएशन त्या जनुकात जाऊन बसला की जनुकाचे काम थांबते आणि दाणा बिनरंगी होतो. आता त्याच दाण्यात अॅक्टिव्हेटर असेल, तर दाणा वाढत असताना काही पेशींत डिसोसिएशन तेथून उठून जातो. त्या पेशीत जनुक पुन्हा काम करू लागते. तिच्यापासून तयार झालेल्या सगळ्या पेशी जांभळ्या होतात. हाच ठिपका.

ठिपक्याचा आकार वेळ सांगतो. उडी लवकर पडली तर पुढे पेशींच्या अनेक पिढ्या होतात आणि ठिपका मोठा दिसतो. उशिरा पडली तर बारीक टिंब. मॅक्लिंटॉक यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. दाण्यात अॅक्टिव्हेटरच्या प्रती जितक्या जास्त, तितकी उडी उशिरा आणि ठिपके बारीक. म्हणजे हा खेळ निव्वळ योगायोगाचा नव्हता, त्याला वेळ आणि मात्रा होती. त्या काळी डीएनएची रचनाही माहीत नव्हती. हे सगळे त्यांनी दाण्यांचे रंग, संकरांच्या नोंदी आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर शोधून काढले.

१९५१ मध्ये नेमके काय घडले?

१९५० मध्ये त्यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि १९५१ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादात सविस्तर मांडणी केली. श्रोत्यांचा प्रतिसाद थंड होता. काहींना काही समजले नाही, काहींना पटले नाही.

त्याची कारणे होती. जनुके म्हणजे दोऱ्यात ओवलेले मणी, प्रत्येकाची जागा ठरलेली, ही समजूत तेव्हा पक्की होती. जनुकांचे नकाशे त्यावरच उभे होते. मांडणीही कठीण होती. मक्याच्या अनेक पिढ्यांच्या संकरांच्या गुंतागुंतीच्या नोंदी, ज्या या पिकावर काम न करणाऱ्याला झेपणे अवघड. त्यातच बहुतेक जनुकशास्त्रज्ञ मका सोडून जिवाणू आणि त्यांना ग्रासणाऱ्या विषाणूंकडे वळत होते. त्यांच्या प्रयोगाचे उत्तर एका रात्रीत मिळे. मक्यासाठी हंगाम संपण्याची वाट पाहावी लागे.

तरीही सगळ्यांनी पाठ फिरवली, हे खरे नाही. विस्कॉन्सिनमधील अलेक्झांडर ब्रिंक यांना मक्याच्या दाण्यांवरील पट्ट्यांमागे असाच फिरता घटक सापडला आणि तो अॅक्टिव्हेटरच असल्याचे १९५४ मध्ये दिसून आले. पीटर पीटरसन यांनाही वेगळा असाच घटक मिळाला. मक्यावर काम करणाऱ्यांनी उडीची गोष्ट लवकरच मान्य केली. मग अडले कुठे?

मॅक्लिंटॉक यांचा खरा दावा कोणता?

या प्रश्नाचे उत्तर १९५१ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे. शीर्षक गुणसूत्रांची मांडणी आणि जनुकांची अभिव्यक्ती याविषयी होते. उडीचा त्यात उल्लेख नव्हता. जनुकाची अभिव्यक्ती म्हणजे ते जनुक पेशीत प्रत्यक्ष कामाला लागणे. झाडाच्या मुळात, पानात आणि दाण्यात जनुके तीच असतात. तरी पान पान होते आणि दाणा दाणा. कारण कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती काम करणार, हे वेगवेगळे असते. हे ठरवते कोण, हा मॅक्लिंटॉक यांना पडलेला प्रश्न होता.

त्यांचे उत्तर असे होते: हे फिरते घटकच जनुकांचे नियंत्रण करतात. म्हणून त्या त्यांना ‘नियंत्रक घटक’ म्हणत. उडी हे त्यांच्यासाठी नियंत्रणाचे एक साधन होते. इतरांना मात्र उडी ही मक्यातील एक गंमतशीर विकृती वाटत होती आणि त्यावरून सगळ्या जीवसृष्टीच्या वाढीचा नियम काढणे अतिरेकी वाटत होते. मॅक्लिंटॉक यांना खरा नकार मिळाला तो इथे.

१९६१ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जिवाणूंत जनुके चालू-बंद करणारी यंत्रणा दाखवली. मॅक्लिंटॉक यांनी त्याच वर्षी मका आणि जिवाणू यांतील साम्ये दाखवणारा निबंध लिहिला. पण जाकोब आणि मोनो यांचे नियंत्रक जनुक जागा बदलत नव्हते. परिणाम असा झाला, की जनुकांवर नियंत्रण असते, ही कल्पना जगाने स्वीकारली, पण तिच्यात उडी नव्हती. पुढे उडीही स्वीकारली गेली, पण तिच्यात नियंत्रण नव्हते. मॅक्लिंटॉक यांनी जे एकत्र सांगितले होते, त्याचे दोन तुकडे होऊन ते वेगवेगळ्या वेळी मान्य झाले.

मग त्यांनी काम थांबवले का?

नाही. १९५३ नंतर मोठ्या नियतकालिकांत लिहिणे त्यांनी जवळपास थांबवले. निष्कर्ष कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालात नोंदवले जात, जो फारसे कोणी वाचत नसे. पण शेत दरवर्षी पेरले जात होते. याच काळात त्यांना आणखी एक फिरता घटक सापडला. तो कधी सक्रिय असे, तर कधी निपचित. नवल म्हणजे, ही सुप्त किंवा जागी अवस्था पुढच्या पिढीतही जात होती आणि पुन्हा बदलतही होती. घटक तोच, जागा तीच, तरी वागणूक वेगळी. याचे स्पष्टीकरण मिळायला आणखी ३० वर्षे लागायची होती.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील मक्याच्या देशी वाणांवरही काम केले. गुणसूत्रांवरील गाठी पाहून कोणता वाण माणसाबरोबर कुठून कुठे गेला, याचा माग त्यांनी काढला आणि तेथील तरुण संशोधकांना तयार केले. हे काम १९८१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ग्रंथरूपात आले.

जग मक्याकडे कसे परतले?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंत डीएनएचे असे तुकडे सापडले, की जे जनुकात घुसून त्याचे काम बंद पाडतात. १९७० च्या दशकात असे दिसले, की प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण असेच फिरते तुकडे एका डीएनए रेणूवरून दुसऱ्यावर नेतात. त्यांना ट्रान्सपोझॉन हे नाव मिळाले. मग फळमाशीतही ते सापडले. ज्या गोष्टीला मक्याचा विक्षिप्तपणा म्हटले गेले होते, ती सगळ्या जीवसृष्टीत होती. आणि आता हा प्रश्न रुग्णालयातील औषधांशीही जोडला गेला होता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नीना फेडोरॉफ आणि सहकाऱ्यांनी अॅक्टिव्हेटर आणि डिसोसिएशन यांचा डीएनए प्रत्यक्ष वेगळा काढला. अॅक्टिव्हेटर हा सुमारे ४,५०० अक्षरांचा तुकडा निघाला. स्वतःला कापून दुसरीकडे चिकटवणारे प्रथिन तयार करण्याची सूचना त्याच्यात आहे. डिसोसिएशन म्हणजे अनेकदा त्याचीच मोडकी आवृत्ती. स्वतः प्रथिन बनवू शकत नाही, म्हणून दुसऱ्यावर अवलंबून. दाण्यांचे रंग पाहून मॅक्लिंटॉक यांनी बांधलेला तर्क रेणूंच्या पातळीवर जसाच्या तसा खरा ठरला.

नोबेल कशासाठी मिळाले?

१९८१ मध्ये त्यांच्यावर पुरस्कारांचा वर्षाव झाला. १९८३ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही कुणाशी विभागून नाही. या विभागात एकटीने नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. घरी टेलिफोन नसल्याने ही बातमी त्यांना रेडिओवरून कळली.

मात्र नोबेल होते ते फिरत्या जनुकीय घटकांच्या शोधासाठी. नियंत्रणाची कल्पना, जी त्यांना अधिक महत्त्वाची वाटत होती, तिच्यासाठी नव्हे. त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात मात्र विषय तोच घेतला. संकट आले की जनुकसंच कसा प्रतिसाद देतो आणि स्वतःची मांडणी कशी बदलतो, याविषयी त्या बोलल्या.

आज मक्याच्या जनुकसंचात काय दिसते?

२००९ मध्ये मक्याच्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३२ हजार जनुके सापडली. पण जनुकसंचाचा जवळपास ८५ टक्के भाग फिरत्या घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा होता. त्यातील बहुतेक अॅक्टिव्हेटरसारखे कापून चिकटणारे नाहीत, तर स्वतःची प्रत काढून ती दुसरीकडे ठेवणारे आहेत. म्हणून त्यांची संख्या वाढत गेली. माणसाच्या जनुकसंचातही जवळपास निम्मा भाग अशाच घटकांचा आहे.

एवढे घटक एकदम उड्या मारू लागले तर झाड जगणार नाही. म्हणून पेशी त्यांना गप्प ठेवते. त्यांच्या डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटवले जातात आणि त्यांचे वाचन थांबते. मॅक्लिंटॉक यांना दिसलेली सुप्त अवस्था ती हीच. अक्षरे न बदलता वागणूक बदलते आणि ती पुढच्या पिढीतही जाऊ शकते. या अभ्यासाला आज एपिजेनेटिक्स म्हणतात.

तरी सगळे घटक कायम गप्प नसतात. मक्याच्या वेगवेगळ्या भागांतील आरएनए वाचला, की कोणते घटक कुठे बोलतात ते कळते. काही कुळे परागात जागी होतात, काही दाण्याच्या पिठूळ भागात, काही झाडावर ताण आला की. हे मोजणे सोपे नाही. एकाच घटकाच्या जवळपास सारख्या शेकडो प्रती असल्याने आरएनएचा तुकडा नेमक्या कोणत्या प्रतीचा, हे ओळखणे अवघड जाते. म्हणून बऱ्याचदा एकेका प्रतीऐवजी अख्ख्या कुळाचा हिशेब मांडला जातो.

त्या कुठे बरोबर होत्या, कुठे नाही?

फिरते घटक शेजारच्या जनुकाचे नियंत्रण बदलू शकतात, याची ठोस उदाहरणे आता आहेत. मक्याचा जंगली पूर्वज टिओसिंटे हा अनेक फांद्यांचा झुडूपवजा होता. आजचा मका एका खोडावर सरळ उभा राहतो. यामागे ज्या जनुकाचा मोठा वाटा आहे, त्याच्यापासून सुमारे ६० हजार अक्षरे दूर एक फिरता घटक येऊन बसला आहे. त्यामुळे ते जनुक जास्त काम करते आणि फांद्या फुटणे आवरले जाते. हा घटक तेथे मक्याची शेती सुरू होण्याच्या बऱ्याच आधी आला होता. मेक्सिकोतील प्राचीन शेतकऱ्यांनी सरळ वाढणारी झाडे निवडली आणि नकळत त्यालाही निवडले.

ताणाबाबतही त्यांच्या अंदाजाला आधार मिळाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मक्याच्या रोपांना थंडी, उष्णता, खारटपणा आणि अतिनील किरण यांचा ताण देण्यात आला. ताणात जागी होणाऱ्या अनेक जनुकांजवळ विशिष्ट कुळांचे फिरते घटक आढळले. बदलत्या हवामानात तग धरणारे वाण शोधणाऱ्यांना म्हणूनच या घटकांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पण त्यांचा मोठा दावा, म्हणजे झाडाची नेहमीची वाढ हे घटक नियोजनपूर्वक चालवतात, हा मान्य झालेला नाही. जनुकांचे रोजचे नियंत्रण मुख्यतः जागेवरच्या यंत्रणा करतात. ताणात घटक जागे होतात, पण ते नेमके उपयोगाच्या जागी जाऊन बसतात, असा पुरावा नाही. बहुतेक उड्या निरुपयोगी किंवा घातक ठरतात. क्वचित एखादी उपयोगी पडते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत टिकते. बाकीचे घटक पेशीने गप्प बसवलेले प्रवासी असतात.

त्यांच्या कामाचा उपयोग काय झाला?

फिरता घटक ज्या जनुकात शिरतो ते बंद पाडतो. त्यामुळे झाडात कोणता गुण बिघडला ते पाहून आणि घटक कुठे बसला ते शोधून ते जनुक कशासाठी आहे, हे कळते. मक्यातील अनेक जनुके अशी सापडली. अॅक्टिव्हेटर आणि डिसोसिएशन तंबाखू, टोमॅटो, भात अशा इतर पिकांतही नेऊन याच कामासाठी वापरले गेले. १९९० मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. मेंडेल यांनी ज्या सुरकुतलेल्या वाटाण्यावरून आनुवंशिकतेचे नियम मांडले, त्या सुरकुतीमागेही अॅक्टिव्हेटरच्या नात्यातला एक घुसखोर तुकडाच होता. म्हणजे जनुकशास्त्राच्या पहिल्याच प्रयोगात फिरता घटक हजर होता. तो ओळखायला मात्र मक्यावर ठिपके शोधणारी व्यक्ती यावी लागली.

मॅक्लिंटॉक यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतरही त्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत जात राहिल्या. २ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील हंटिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी ज्या दाण्यांवर काम केले त्यांचा रंग कुणालाही दिसत होता. तो रंग म्हणजे जनुक चालू किंवा बंद झाल्याची नोंद आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आज संशोधक तीच नोंद आरएनए वाचून घेतात. आणि हे घटक केव्हा जागे होतात, ते का जागे होतात आणि त्यामुळे झाडाचे काय होते, हे त्यांनी विचारलेले प्रश्न अजून पूर्ण सुटलेले नाहीत.